दुपट्टा सुटतो ती जागा

मे महिना लागला की आमच्या वऱ्हाडात माणसांची तोंडं नाहीशी होतात. सकाळचे नऊ वाजले की घराबाहेर पडणारा प्रत्येक जण पांढरा दुपट्टा डोक्यावरून घेतो, कानांवरून फिरवतो, नाकावरून नेऊन मानेमागं खोचतो, आणि उरतात फक्त दोन डोळे. कॉलेजातली पोरगी असो, बँकेतला साहेब असो की बाजाराला निघालेला म्हातारा, सगळे एकसारखे. माझी पुण्याची जाऊ पहिल्यांदा उन्हाळ्यात आली, बडनेरा स्टेशनाबाहेर उभी राहिली आणि हळूच मला म्हणाली, ताई, हे सगळे कुठं दरोडा घालायला निघालेत? म्हटलं, दरोडा उन्हानं घातला आहे, आम्ही नुसते जीव वाचवून राहिलो.

यंदाही परवा कपाटातून दुपट्टा काढला. त्याला डांबरगोळीचा वास, आणि त्या वासाच्या खाली मागच्या सालच्या उन्हाचा आणि घामाचा जुना वास, जो कितीही धुतला तरी जात नाही. शेजारीच कॅमेऱ्याची पिशवी. दोन्ही वस्तू माझ्या घरात एकाच कप्प्यात राहतात, कारण माझ्यापुरता त्यांचा हंगाम एकच आहे. दुपट्टा झटकत होते तेवढ्यात अकोल्याहून सलीमभाई ऑटोवाल्याचा फोन आला. म्हणाला, मॅडम, रांजन भर गए, बुढी पूछ रही है फोटोवाली किधर मर गई. मी तशीच पलंगावर बसले आणि चार वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा मांडीवर घेऊन कितीतरी वेळ हसत राहिले.

मी कोण, तर सरकारी कचेरीतली कारकून. बडनेऱ्यात घर, अकोल्यात नोकरी, आणि मधे सव्वा तासाचं अपडाऊन. वीस वर्षं मान खाली घालून फायली पाहिल्या. पंचेचाळिशीत काय खूळ चढलं कोण जाणे, अमरावतीला राजकमल चौकाजवळच्या वानखडेदादांकडून एक जुना कॅमेरा घेतला. वानखडेदादा म्हणजे लग्नाचे फोटोवाले. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर कुण्या नवरीच्या हळदीचा डाग तसाच होता, अजूनही आहे. घरी विचारणा झाली, कोणाचं लग्न आहे? मी सांगितलं, लग्न नाही, रस्त्यावरची माणसं काढणार आहे. आमचे हे काहीच बोलले नाहीत, आणि आमच्या घरी गप्प बसण्याला होकार धरतात.

पहिल्याच रविवारी अमरावतीच्या इतवारा बाजारात गेले. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, हिरव्या मिरच्यांचे ढीग, आणि मधोमध मी, गळ्यात कॅमेरा, पायात ऑफिसच्या चपला, हातात डायरी. नेमकी डायरीच नडली. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि लिंबं विकणाऱ्या बाईनं आपलं पोतं भरायला घेतलं. तिचं पाहून शेजारच्यानं मेथी उचलली. बघता बघता आख्खी ओळ आवराआवर करायला लागली. एक म्हातारी सरळ माझ्यासमोर येऊन उभी ठाकली आणि तिनं विचारलं, काहून व मॅडम, अतिक्रमणवाल्या आहात का? मी नाही नाही म्हणत मागं सरकले, तर बटाट्यांवर बसता बसता राहिले. माणसांची सुंदर, साधी क्षणचित्रं टिपायला गेलेली बाई अर्ध्या बाजाराचा धंदा उठवून आली होती.

त्या दिवसानंतर मी पाठी काढायला लागले. समोरून जायची हिंमतच होईना. पोतं वाहणाऱ्याची पाठ, सायकलवरल्या दूधवाल्याची पाठ, लेकराला खांद्यावर घेतलेल्या बापाची पाठ. मनाला समजावायची की पाठीतही भाव असतात, आणि असतातही. पण खरं कारण भीती होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आठ महिन्यांनी सगळे फोटो घेऊन वानखडेदादांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक शांतपणे पाहिला. मग मला एवढंच विचारलं, "मॅडम, सगळी लोकं जाऊनच राहिली का? येत नाही का कोणीच?"

घरी येईपर्यंत मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर कळलं की माणूस खरं तेच बोलला. मला समोरून एक तोंड काढता येत नव्हतं. तेव्हाच ठरवलं, हा उन्हाळा सरायच्या आत एक तरी माणूस माझ्याकडं येताना काढीन, नाहीतर हळदीच्या डागासकट कॅमेरा वानखडेदादांना परत.

आणि नेमका मे लागला. तोंडंच नाहीत.

पण गंमत अशी की त्या महिन्यानं मला आधी धीट केलं. दुपट्टा फक्त रस्त्याच्या तोंडावर नव्हता, माझ्याही होता. झाकलेल्या तोंडाची बाई कोणाची कोण लागते? ना कारकून, ना कोणाची सून, ना अतिक्रमणवाली. दुपारच्या सुट्टीत मी अकोल्याच्या स्टेशन रोडवर फिरायची. डांबर चपलेला चिकटायचं. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास दुकानादुकानांतून बाहेर यायचा, आणि त्या वासासाठी माणसं काही घ्यायचं नसतानाही आत शिरून भाव विचारायची. डांगराच्या, म्हणजे कलिंगडाच्या, लाल फोडींवर ओलं फडकं, रसवंतीच्या चाकाचे घुंगरू, भिंतीच्या हातभर सावलीत एकामागं एक पाठ टेकून उभी राहिलेली पाच माणसं. काळ्या कोटातल्या तिकीट तपासनिसाच्या खिशाला आलेला फुगवटा, तो पैशांचा नव्हता, कांद्याचा होता. लू, उन्हाची झळ, लागू नये म्हणून आईनं नाहीतर बायकोनं कोंबलेला. तो कांदा मी काढला. नवऱ्याच्या दुपट्ट्याची गाठ घट्ट करणारे एका बाईचे हात काढले. माणसं डोळ्यांनी हसतात हे तेव्हा कळलं. पण डोळे म्हणजे तोंड नव्हे, आणि वानखडेदादांचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

स्टेशनाच्या मागल्या अंगाला, ऑटोस्टँडजवळ, एक कडूलिंब आहे. त्याखाली बांबूच्या ताट्यांचा आडोसा, आत ओल्या पोत्यात गुंडाळलेले तीन रांजण, आणि लांब दांड्याचं ओगराळं घेऊन बसलेली अनुसया मावशी. नाव मला बऱ्याच दिवसांनी कळलं. तिला सगळे बुढी म्हणायचे, तोंडावरसुद्धा. तरुणपणी जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होती, नवरा लवकर गेला, लेक-सून पुण्याला. पाणपोई आधी एका कापडवाल्यानं आपल्या वडलांच्या नावानं घातलेली, तिथं पाणी पाजायला मावशीच बसायची. आमच्याकडं पाणपोई म्हटली की ती कोणा ना कोणाच्या स्मरणार्थच असते. ताटीवर पाटी, पाटीवर नाव, नावाच्या बाजूला हार घातलेला फोटो. त्या साली कापडवाला दुकान आवरून नागपूरला गेला, पाटी-फोटो सोबत घेऊन गेला. मावशीनं मात्र कोणाला न विचारता रांजण मांडले. ताटीवर फक्त रिकामा खिळा राहिला.

मी तिचा फोटो काढायला गेले ते अर्थातच मागून. तिनं मान न वळवता सांगितलं की मागून काय काढतं, तिथं पोलक्याची बटनं हायत फक्त. मग समोर बसवून घेतलं आणि आपलं गाऱ्हाणं मांडलं. तिच्या नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. सून लग्न होऊन आली तेव्हा विचारती झाली, मामंजी कसे दिसत होते, आणि हिला सांगता येईना. उंच होते, एवढंच म्हणाली. स्वतःचा म्हणून आधार कार्डावरचा एक फोटो, त्यात मी चोर दिसतो म्हणे. एकदा स्टुडिओत जाऊन आली, तिथल्यानं हनुवटी वर करा, हसू नका म्हणून दुसरा चोर काढून दिला. मागच्या उन्हाळ्यात तिला लू लागली, दोन दिवस शुद्ध नव्हती. शुद्धीवर आल्यावर पहिला विचार काय आला असेल, तर आपण गेलो असतो तर पोरानं भिंतीवर तो चोरच लावला असता. मला म्हणाली, "मायावाला एक फोटो काढ. देवीसारखा नको, हिरोइनीसारखा नको. मी दिसली पाहिजे. बस."

घ्या. जिला समोरून एक तोंड जमत नव्हतं तिच्याकडं आख्ख्या अकोल्यातलं सगळ्यात अवघड तोंड आलं.

कारण मावशीचं असं होतं, की एरवी जीभ तलवारीसारखी चालायची, पण कॅमेरा वर गेला की ती हजेरीला उभी राहायची. हात सरळ, मान ताठ, ओठ मिटलेले, डोळे भिंगात रुतलेले. मी म्हणायची, बोला ना मावशी. ती ओठ न हलवता म्हणायची, बोलून राहिली ना. रोज दुपारी वीस-पंचवीस फोटो काढायची आणि रोज संध्याकाळच्या गाडीत मूर्तिजापूर यायच्या आत सगळे पुसून टाकायची. पंधरा दिवसांत मी इतके चोर काढले की पोलिसांनी मला नोकरी द्यावी. ऑटोवाले हसायचे. सलीमभाई तर पैज लावायला तयार होता की बुढीचा खरा फोटो निघणार नाही. पुतणीच्या लग्नासाठी तो पंधरा दिवस मूर्तिजापूरला निघाला तेव्हाही सांगून गेला, मॅडम, मैं आऊंगा तब तक निकाल के दिखाओ.

एक दिवस मावशीच वैतागली. कॅमेरा ठेव म्हणाली, आणि माझ्या हातात ओगराळं दिलं. तिचे गुडघे धरले होते, गर्दी होती, आणि मी नुसती उभी होते म्हणून. मी ओंजळींत पाणी ओतायला लागले, घरी पाहुण्यांना ओतायची तसं, जरा उंचावरून, धार धरून. मावशीनं माझं मनगट धरून खाली ओढलं. "जवळून वत. माया आजीनं जलमभर दुरून वतलेलं पानी पेलं. इथं दुरून नाही वताचं."

ती ओरडली नव्हती, रागावलीही नव्हती. मीच खाली पाहायला लागले. अंजनगाव सुर्जीकडच्या आमच्या सासरच्या गावी कोणाच्या ओंजळीत किती उंचावरून पाणी पडायचं ते मी जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि आमचं घर ओतणाऱ्यांत होतं, पिणाऱ्यांत नव्हतं. मावशीला ते न सांगताही कळलं असावं, कारण आडनावं सगळं सांगतात. तिनं काही विचारलं नाही. ओगराळं माझ्या हातातच राहू दिलं. त्या दिवशी सुट्टी संपेपर्यंत मी जवळून पाणी ओतलं, इतकं जवळून की ओगराळ्याचा काठ माणसांच्या बोटांना लागायचा.

आणि तेव्हा मला दिसलं. डोळ्यांदेखत होतं तरी पंधरा दिवस दिसलं नव्हतं. पाणी प्यायचं तर दुपट्टा काढावाच लागतो. आख्ख्या शहरात, भर दुपारी, मे महिन्यात, तोंडं उघडी होतात ती जागा ही एकच होती. माणूस यायचा, झाकलेला, कोणाचा कोण. मान वाकवायचा, दुपट्टा हनुवटीखाली ओढायचा, आणि एकदम कोणीतरी व्हायचा. मिशा, चामखीळ, तुटका दात, नथ, पहिली मिसरूड. पहिला घोट घशाखाली उतरला की डोळे मिटायचे आणि चेहऱ्यावरून सगळी कचेरी, सगळं भांडण, सगळी घाई उतरून जायची. मी पाठी शोधत वणवण फिरत होते आणि मावशी इथं बसून रोज शेकडो तोंडं समोरून पाहत होती.

दुसरं जे दिसलं ते तिच्या तोंडावर. कोणी पाणी पीत असला की मावशीचे ओठ आपोआप उघडायचे. आई लेकराला घास भरवताना स्वतःच आ करते ना, तसे. पिणाऱ्याचा घोट उतरला की हिचाही उतरायचा. त्या वेळेला ती कोणाची कोणी नसायची, आणि पुरेपूर तीच असायची. मग फोटो कुठून काढायचा हा प्रश्नच उरला नाही. दुसऱ्या दिवशी मी तहानलेल्यांच्या रांगेत उभी राहिले. माझ्यापुढं पोतं खांद्यावर घेतलेला एक हमाल होता. त्यानं पोतं टेकवलं, दुपट्टा सोडला, वाकला. आणि त्याच्या वाकलेल्या पाठीवरून मी मावशीकडं सरळ पाहिलं. तिचं लक्ष त्याच्या ओंजळीकडं होतं. ओठ उघडले, आणि मी बटण दाबलं.

एकच. दुसरा काढावासा वाटला नाही. गर्दी सरल्यावर तिला कॅमेऱ्यातच दाखवला. तिनं पदरानं काच पुसली, जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला. मला वाटलं, आता शिवी येते. ती म्हणाली, हे मीच आहो. आणि एवढं बोलून रांजणाकडं तोंड करून उगाच पोत्यावर पाणी शिंपडत बसली. मी त्या दिवशी उशिरा ऑफिसात गेले, साहेबांनी विचारलं काय झालं, तर मी सरळ सांगून टाकलं की आज मी जिंकून आले आहे.

फोटो मोठा करून अमरावतीला फ्रेमवाल्याकडं टाकला. त्यानं मान हलवून हलक्या आवाजात विचारलं, कधी गेल्या? म्हटलं, कुठं जात नाहीत, पाणी पाजून राहिल्या. तो ओशाळला, पण चंदनाचा हार त्यानं आधीच काढून ठेवलेला. म्हातारं माणूस आणि एकटा फोटो म्हटल्यावर आमच्याकडं दुसरा विचार कोणी करत नाही. राहू द्या, लागेलच, म्हणून त्यानं तो पिशवीत टाकला. मी पिशवी मावशीला दिली. तिनं फ्रेम काढली, हार काढला, आणि रिकाम्या खिळ्यावर दोन्ही चढवून मोकळी. घरी मंग नेईन म्हणाली, आज लोकाइले पाहू दे. हार काढा हो मावशी, बरं दिसत नाही, असं मी म्हटलं. तर म्हणे फुकट आला तं काहून काढू, चांगला वास येऊन राहिला.

लू जोरात होती म्हणून तिनंही तोंड बांधलेलं. आणि पंधरा मिनिटांत जे व्हायचं ते झालं. एक कॉलेजची पोरगी आली, दुपट्टा सोडला, पाणी प्यायली आणि वर पाहून तशीच थबकली. हात जोडले. बांधलेल्या तोंडाच्या मावशीलाच सांगायला लागली की या आजींनी परीक्षेच्या दिवशी माझी बाटली भरून दिली होती, वर पेपरात झोपू नको म्हणाल्या होत्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीनं मला असा चिमटा काढला की दंडावर आठवडाभर निळं होतं. पोरगी गेल्यावर मी म्हटलं, मावशी, हे काही खरं नाही, लोकांना सांगायला पाहिजे. ती शांतपणे म्हणाली, "मेल्यावर मले ऐकू येईन काय? चार दिवस ऐकू दे."

चार दिवस तिनं ऐकलं. स्टँडवरचे ऑटोवाले कटात सामील झाले, त्यांना तर सणच. एक म्हातारा म्हणाला, फटकळ होती, पण पाणी थंड पाजायची. मावशीनं त्याला दोन ओगराळी जास्त ओतली. एका बाईनं वेणीतला मोगरा काढून फ्रेमला लावला. कोणी म्हणालं, शिवी दिली की बरं वाटायचं, घरचं कोणीतरी आहे असं वाटायचं. दुपट्ट्याच्या वर मावशीचे डोळे मी पाहत होते. ते कधी हसायचे, कधी भरायचे, कधी दोन्ही. आणि मी रांजणाआड बसून तोंडं काढत होते. समोरून, तीन फुटांवरून, उघडी, ओली. नियम आपोआप ठरला: आधी पाणी, मग फोटो, मग लगेच दाखवायचा आणि विचारायचं. नको म्हणाला की त्याच्यासमोर पुसायचा. दोघा-तिघांनीच नको म्हटलं. बाकीचे स्वतःकडं असे पाहायचे, जणू बऱ्याच दिवसांनी भेट झाली आहे.

आजही कोणी मला विचारतं की रस्त्यावर अनोळखी माणसाचा फोटो काढायचा हक्क तुला कोणी दिला. चांगला प्रश्न आहे. मी इतवाऱ्यात घेऊन पळत होते. इथं आधी काहीतरी दिलं जात होतं. मला वाटतं फरक तेवढाच आहे. जवळ जायचं असेल तर हातात काहीतरी घेऊन जावं, निदान पाणी. दुरून तर कोणीही ओततो.

पाचव्या दिवशी सलीमभाई लग्नाहून परतला. ऑटो लावला, नेहमीसारखा ताटीपाशी आला, डोक्याचा रुमाल सोडता सोडता वर पाहिलं. रुमाल अर्धा सुटलेला तसाच लोंबत राहिला. इतर ऑटोवाले हसू दाबून उभे होते, पण त्याचं तोंड पाहून त्यांचंही हसू मावळलं. तो रस्त्याच्या कडेला खाली बसला. जाड आवाजाचा, चौकात भांडणारा हा माणूस फ्रेमकडं पाहत हळू आवाजात म्हणाला, "पाच साल पानी पिया इसके हाथ का. नाम भी नहीं पूछा कभी."

मी कॅमेरा खाली ठेवला होता. मावशीकडं पाहिलं. चार दिवस सगळ्या शहराचं ऐकून घेणाऱ्या त्या बाईला हे एक वाक्य ऐकवेना. तिनं दुपट्टा ओढून काढला, केस विस्कटले, आणि ओगराळं भरून त्याच्यासमोर धरलं. "अनुसया. अनुसया नाव हाये मायं. घे, पानी पे."

सलीमभाईनं वर पाहिलं. फ्रेमकडं पाहिलं, पुन्हा तिच्याकडं पाहिलं. मग त्याच्या तोंडून जी काही उर्दू निघाली ती मला इथं लिहिता येत नाही. तो रडत होता आणि शिव्या देत होता, ती हसत होती आणि त्याच्याहून मोठ्या शिव्या देत होती, आणि मधे भरलेलं ओगराळं सांडून दोघांचे हात भिजत होते. मी कॅमेरा केव्हा उचलला मला आठवत नाही. भीती वाटली नाही एवढं आठवतं. दोन तोंडं, दोन्ही उघडी, एकमेकांकडं येणारी. नंतर दाखवला आणि विचारलं, पुसू का? सलीमभाईनं नाक रुमालाला पुसलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, रोता हुआ निकाला क्या? निकाला तो निकाला. उसके बाजू में लगाओ.

त्यासाठी दुसरा खिळा ठोकला. मग तिसरा, कारण हमालानं विचारलं माझी फक्त पाठच का. मग कॉलेजची पोरगी परत आली, आधी खूप चिडली, मग तिचा लावला. हार त्याच दिवशी काढून मावशीनं लिंबाच्या फांदीला बांधला. उन्हाळा सरता सरता बांबूच्या ताट्यांवर जागा उरली नव्हती. शहरातली सगळी तोंडं झाकलेली आणि त्या लिंबाखाली ताटीभर उघडी तोंडं, ओल्या हनुवटीची. माणसं पाणी प्यायला यायची आणि स्वतःला शोधायची. सापडलं की शेजारच्याला दाखवायची. मावशीची मोठी फ्रेम लेकानं पुण्याला नेली. जिवंतपणीच भिंतीवर लावली, सुनेनं आग्रह धरून. तिच्या जागी आता छोटी प्रत आहे.

वानखडेदादांना मी फोनवर काही सांगितलं नव्हतं, नुसतं या म्हटलं होतं. लग्नांचा हंगाम सोडून ते एका दुपारी अमरावतीहून आले, डोळ्यांपर्यंत दुपट्टा बांधून. चष्मा कपाळावर चढवला आणि ताटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक फोटो पाहत गेले. मावशीच्या फोटोपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबले. धार किती आखूड आहे, म्हणाले. एवढं जवळून कोणी ओतत नाही. मग ते माझ्याकडं वळले, आणि दुपट्ट्याआडून मला ऐकू आलं, "मॅडम, आता येऊन राहिली लोकं."

मी उत्तर देणार होते. पण मावशीनं ओगराळं रांजणात बुडवलं आणि ती माझ्याआधी बोलली.

"येऊन राहिली तं रांग लावा म्हना. आन् तुमी पयले या, बाप्पा. तोंडावरचं काढा."